तोर्वाकचं हसू

"बकवास? पुन्हा म्हण. माझ्या डोळ्यांत बघून म्हण."

"बकवास," सन्मती म्हणाला.

फिरोजनं उठून बसायचा प्रयत्न केला आणि त्याचं मशीन ओरडायला लागलं. हातात सुया असताना तो हात वाकवायचा नसतो, हे त्याला आमच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. सिस्टर धावत आली. तिनं नळी सरळ केली, बटण दाबून आवाज बंद केला.

"फिरोज, परत हात हलवलास तर पलंगाला बांधून ठेवीन."

"बांधा सिस्टर. पण आधी ह्याला इथून हलवा. चार माणसांत बसवायच्या लायकीचा नाही हा."

"चार माणसं कुठं आहेत?" सन्मती म्हणाला. "तू आणि तुझा तो कॅप्टन."

मिरजेच्या एका दवाखान्यातला तो डायलिसिसचा हॉल. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी माझ्या मुलाचं, सन्मतीचं रक्त तिथं मशीनमधून धुवून परत अंगात सोडत. चार तास हलायचं नाही. हॉलमध्ये बाकी कुणी बोलत नसे. कुणी झोपून काढी, कुणी छताकडे बघत राही. खिडकीकडच्या दोन पलंगांवर मात्र ही दोघं, आणि मधे स्टुलावर माळ घेऊन मी.

फिरोज बागवान सन्मतीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असेल. घरचा मार्केटात फळांचा गाळा, आणि ह्याला फळ वर्ज्य. "काकू, घरात केळ्यांच्या फण्या लटकल्यात आणि मी वास घेऊन पोट भरतो," असं पहिल्याच दिवशी त्यानं मला हसत सांगितलं होतं. त्याची आणि सन्मतीची दोस्ती जमली ती एका इंग्रजी सिनेमावरून. अंतराळातल्या जहाजाचा तो सिनेमा. त्याचे तीन भाग दोघांनी इतक्या वेळा बघितले होते की एकानं अर्धं वाक्य म्हणावं आणि दुसऱ्यानं पुरं करावं. जहाजाच्या कप्तानाचं नाव तोर्वाक. मरण समोर आलं की तो हसायचा. सगळं संपलं असं वाटतं तेव्हा मान मागे टाकून गडगडाट करायचा. फिरोजला ते हसणं हुबेहूब जमे.

त्या महिन्यात सिनेमाचा चौथा भाग आला होता. चौथा म्हणजे पुढचा नव्हे, आधीचा. तोर्वाक कप्तान कसा झाला त्याची गोष्ट. "त्याला प्रीक्वेल म्हणतात काकू," फिरोजनं मला शिकवलं होतं. "गोष्ट संपल्यावर तिच्या आधीची गोष्ट." दोघं दोन वर्षं त्याची वाट बघत होते. आणि आता एकाला तो देवासारखा वाटत होता, एकाला बकवास.

"सांग, काय बकवास आहे?"

"पोरगाच बकवास आहे. त्याचे कान बघितलेस? सशासारखे. तोर्वाकचे कान एवढुसे. माणूस मोठा झाला की कान लहान होतात होय रे?"

"मशीनवर घालायचं त्याला. तीन किलो पाणी काढलं की कानसुद्धा उतरतात."

पलीकडच्या पलंगावरचे म्हातारे गृहस्थ, जे कधी बोलत नसत, ते खुदकन हसले.

"बरं, कान सोड," सन्मती म्हणाला. "दुसऱ्या भागात तोर्वाक स्वच्छ म्हणतो, मला आई नव्हती. म्हणतो ना? मग ही आई आली कुठून? लिहिणाऱ्यांनी स्वतःचा जुना सिनेमा तरी बघायचा."

"खोटं बोलतो तो."

"कोण?"

"तोर्वाक. दुसऱ्या भागात खोटं बोलतो. आई होती."

"असं कुठं दाखवलंय?"

"दाखवायला कशाला पाहिजे, मर्दा? माणूस शंभर गोष्टी खऱ्या सांगतो आणि मधेच एक खोटी घालतो. ती ओळखायची नसेल तर सिनेमा बघतोस कशाला, पोथी वाच काकूंच्याबरोबर."

"तू त्यांचा वकील आहेस काय रे?"

"आणि तू जज्ज?"

मी माळ ओढत होते, पण कान तिकडेच होते. सन्मती असा तावातावानं बोलला की मला बरं वाटे. एरवी घरी तो बोलतच नव्हता. त्याला कारण होतं.

त्याचे वडील मधुमेहानं गेले होते, घरात आम्ही दोघंच. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आईची किडनी चालेल, सगळं जुळतंय. फक्त मुलाची सही पाहिजे. त्याचं हृदय थकत चाललंय, आणखी उशीर झाला तर त्याला ऑपरेशन झेपायचं नाही. आणि हा मुलगा सही करत नव्हता. नको म्हणत नव्हता, हो म्हणत नव्हता. "बघू" एवढंच. कागद माझ्या पिशवीत पडून होता.

मग मी नियम घेतला. त्या उन्हाळ्यात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराज मुक्कामाला होते. आम्हा जैनांत एखादी गोष्ट सोडायची ती मुनींच्या समोर हात जोडून सोडतात, आणि अशी सोडली की मोडत नाहीत. रात्रीचं जेवण, कंदमुळं मी लग्नाआधीपासूनच सोडलेली. महाराजांपुढे बसून मी म्हणाले, सन्मतीच्या अंगात माझी किडनी जाईपर्यंत मला मीठ वर्ज्य. महाराजांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

कानांवरून वाद झाला त्या दिवशी, मशीन उतरल्यावर फिरोजनं माझ्या डब्यात डोकावलं.

"काकू, मघाशी सिस्टर सांगत होत्या, मीठपण सोडलंत म्हणे. कांदा नाही, बटाटा नाही, आता मीठ नाही. हवा तरी घेता का, का तीपण गाळून?"

"सन्मतीसाठी सोडलंय," मी म्हणाले. "त्यानं सही केली, ऑपरेशन झालं की सुटेल."

"म्हणजे उपोषण! मागण्या मान्य होईपर्यंत."

मला हसू आलं. सन्मती शर्टाची बाही खाली ओढत होता, तो म्हणाला, "तेच. उपोषणच." पण तो हसत नव्हता.

रिक्षात तो डोळे मिटून बसला होता. डायलिसिसनंतर त्याच्यात त्राण राहत नसे. मला वाटलं झोपलाय. रिक्षा आमच्या बोळात वळली तेव्हा तो एकदम म्हणाला, "महाराजांना विचारलंस. डॉक्टरांना विचारलंस. मामांना फोन केलास. मला विचारलंस, आई?"

"त्यात काय विचारायचं, बाळा? आई देते, पोर घेतं. तू दूध प्यायलास तेव्हा मी विचारलं होतं?"

"मी सत्तावीस वर्षांचा आहे."

"म्हणून काय झालं?"

"आता मी नको म्हणालो तर तू जन्मभर अळणी खाणार. आणि लोक म्हणणार, बघा, आईचा नियमसुद्धा पुरा केला नाही ह्यानं. हो ना?"

"लोकांचं सोड. तू नको का म्हणतोस, ते सांग ना. ऑपरेशनची भीती वाटते?"

"तू जेवून घे," तो म्हणाला. "दिवस मावळेल मग."

दुपारचे दोन वाजले होते. दिवस मावळायला खूप अवकाश होता. तो सरळ खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. अळणी भाकरी मी पाण्याबरोबर गिळली. मीठ नसल्याचं मला दुःख नव्हतं. माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत संपत होता आणि का, तेच मला कळत नव्हतं.

शुक्रवारी फिरोजचा चेहरा सुजलेला होता. वजन जास्त भरलं म्हणून सिस्टर त्याला रागावली. "उन्हाळा आहे सिस्टर, दोन घोट जास्त गेले," तो म्हणाला. सुया टोचून मशीन सुरू होताच त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"काकू, आज तुम्ही पंच. मी तुम्हाला तो सीन सांगतो आणि तुम्ही निकाल द्यायचा. ह्याच्यासारख्या माणसाशी वाद घालून माझं बीपी वाढतं."

"तिला कशाला मधे घेतोस?" सन्मती म्हणाला.

"का? घाबरतोस?"

फिरोज मला सांगायला लागला. सांगायची त्याची हातोटी अशी की मी माळ ओढायची विसरले. एक बर्फाचा चंद्र असतो. त्याच्या पोटात खाण असते. खाणीत काम करणाऱ्यांची वस्ती, तिथंच तोर्वाक आणि त्याची आई. पोरगा सतरा वर्षांचा. एक दिवस खाणीला भेग पडते आणि हवा निघून जायला लागते. सुटकेचं यान एकच उरतं, तेही एका माणसाचं. पोरगा म्हणतो, आई, तू जा. आई म्हणते, बरं, आधी दोन घास खाऊन घेऊ. आणि ती सूपमधे झोपेचं औषध घालते.

"पोरगा जागा होतो तेव्हा काचेबाहेर नुसत्या चांदण्या, काकू. चंद्र लांब गेलेला, लिंबाएवढा. त्याला कळतं. आणि मग..." फिरोज थांबला. "मग तो हसतो. आयुष्यात पहिल्यांदा तसा हसतो. आपण तीन भाग जे हसणं बघितलं ना, ते तिथं जन्मलं. माझ्या अंगावर काटा आला, आताही येतोय. बघा हाताला."

"तिथंच तर सगळं खोटं आहे," सन्मती म्हणाला.

"का?"

"तिथं कुणी हसत नाही."

"तू गेला होतास?"

"थट्टा सोड फिरोज. आधी मला वाटायचं, ह्या माणसाला कशाचीच भीती नाही, म्हणून हसतो. मला तो म्हणून आवडायचा. आता घरी जाऊन पहिला भाग लावला. तो हसला की मला ती बाई दिसते. दर वेळी. हवा संपलेल्या खोलीत बसलेली. आणि हा हसतोय! बघवत नाही मला. ह्या लोकांनी नवा सिनेमा तर घाण केलाच, जुने तीनपण माझ्याकडून काढून घेतले."

"अरे, पण त्याचा जीव वाचवला तिनं."

"त्याला विचारलं?" सन्मतीचा आवाज चढला. पलीकडचे म्हातारे जागे झाले. "सूपमधे घालायच्या आधी एकदा विचारलं कुणी त्याला? ती मोकळी झाली. तिचं काम झालं. ह्याला जगायचंय तिच्यामागे. प्रत्येक श्वास घेताना माहीत असणार, हा कुणाचा होता. मग माणूस भांडणार कुणाशी, चिडणार कुणावर? चहा सांडला तर वैतागायचीसुद्धा सोय नाही. जन्मभर चांगलंच वागायचं. त्याला जगणं म्हणत नाहीत."

हे बोलताना तो फिरोजकडे बघत होता. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. पण माझ्या हातातली माळ थांबली ती थांबलीच. इतके दिवस मी ज्याच्यामागे लागून विचारत होते ते उत्तर तो मला असं, दुसऱ्याशी भांडताना देत होता.

फिरोजनं मोकळ्या हातानं शर्ट वर केला. पोटाच्या उजव्या अंगाला, खाली, एक लांब व्रण होता. जुना, पांढुरका झालेला.

"हे काय?" सन्मती म्हणाला.

"अम्मीची किडनी."

"कधी?"

"तू कॉलेजात असशील. पाच वर्षं चालली. मग बंद पडली. तिची चूक नव्हती, माझी नव्हती. डॉक्टर म्हणतात कधीकधी होतं. अजून आत आहे ती. काढत नाहीत."

"बोलला नाहीस कधी."

"काय बोलायचं? तू नवा होतास. बंद पडली म्हणालो असतो तर भ्यायला असतास."

"आणि ती पाच वर्षं?" सन्मतीनं विचारलं. हळू विचारलं. "कसा राहिलास तू तिच्यासमोर?"

फिरोजनं शर्ट खाली घेतला. वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत तो म्हणाला, "हसलो, मर्दा. पोट धरधरून हसलो. हाच सिनेमा लावायचो, तोर्वाक तिकडे हसला की मी इकडे हसायचो. भिंत हलायची. अम्मी बाहेर ओट्यावर भाजी निवडत बसलेली असायची. आणि गल्लीतल्या बायकांना सांगायची, ऐका, ऐका, माझी किडनी हसतेय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी खिडकीकडे बघितलं.

"खरं?" सन्मती म्हणाला.

"मग काय खोटं?"

"शपथ घे."

फिरोजनं त्याच्याकडे बघितलं, मान उशीवर मागे टाकली आणि तोर्वाकसारखा हसला. गडगडाट केला. मशीन ओरडलं, सिस्टर ओरडली, दोन पेशंट दचकले. आणि माझा सन्मती, कितीतरी महिन्यांनी, ओठ मिटून का होईना, हसला.

घरी जाताना रिक्षात तो म्हणाला, "मंगळवारी सांगतो, आई. सहीचं."

मंगळवारी आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा फिरोजच्या पलंगावर दुसराच माणूस झोपला होता. चादर बदललेली होती. सन्मती दारातच उभा राहिला.

सिस्टरनं आमच्याकडे न बघता सांगितलं, "रविवारी संध्याकाळी. घरीच. आणेपर्यंत राहिला नाही."

सन्मती आपल्या पलंगावर बसला. हात पुढे केला. सुया टोचताना तो दर वेळी तोंड फिरवी. त्या दिवशी बघत राहिला. मशीन सुरू झाल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं.

"तू जाऊन ये त्याच्या घरी. मला आज उठता येत नाही. मार्केटामागेच आहे, विचारलंस की कुणीही दाखवेल."

"जाते."

"आणि त्याच्या आईला एक विचार."

"आज? काय विचारू?"

"तो खरंच हसायचा का."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"त्या दिवशी त्यानं शपथ घेतली नाही," सन्मती म्हणाला. "मी मागितली, त्यानं घेतली नाही. तुझ्या लक्षात नाही आलं? तो वादात जिंकायला काहीही बोलायचा. मला एवढंच कळू दे. तो हसू शकला असेल तर मीपण..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "नसेल, तर पुन्हा सहीचं नाव काढायचं नाही. नियमाचंपण नाही. त्या सांगतील ते जसंच्या तसं सांग. तू सांगशील ते मी मानेन."

फिरोजच्या घरी पुरुष बाहेर सतरंजीवर बसले होते. एका मुलीनं मला आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात फळांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या आणि सगळ्या घराला पिकल्या आंब्यांचा वास होता. त्याची आई, जैतुनबी, भिंतीला टेकून बसली होती. बारीक अंगाची, माझ्याच वयाची बाई. मी कोण ते सांगितलं.

"सन्मतीची आई?" ती म्हणाली. "तो कानांवरून भांडणारा?"

"हो."

"शनिवारी दिवसभर मला तेच सांगत होता. अम्मी, तो कान कान करतो नुसता." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग मुलीला हाक मारून म्हणाली, "फडकं घे धुतलेलं. पाणी गाळून आण ह्यांना. ह्या बिनगाळलेलं पीत नाहीत, फिरोज सांगायचा."

घर सोडून मी कुठं पाणी घेत नसे. ते मी प्यायले.

बायका येत होत्या, तिच्या गळ्यात पडत होत्या, जात होत्या. असं घर, आणि मला असला प्रश्न विचारायचा होता. थोडी मोकळीक झाली तेव्हा मी तिचा हात हातात घेतला.

"जैतुनबी, राग मानू नका. मीपण माझ्या मुलाला किडनी देणार आहे. तो घेत नाही. तुमच्या फिरोजनं त्याला सांगितलं, की तुमची घेतल्यावर तो खूप हसायचा. घर हलेल इतका. आणि तुम्ही गल्लीत सांगायचात, माझी किडनी हसतेय म्हणून."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेय.

"फिरोज? असं म्हणाला?"

"हो."

"हसायचा तो आधी," ती म्हणाली. "लहानपणी. मारामाऱ्या, शिव्या, बापाशी भांडणं, सगळं होतं. माझी घेतली आणि पोरगा बदलला, बाई. पाच वर्षांत माझ्यासमोर आवाज नाही चढवला. पाणी प्यायला ग्लास उचलला की माझ्याकडे बघायचा. मी खोकले की उठून उभा. अम्मी, काही पाहिजे? अम्मी, पाय दाबू? तो सिनेमासुद्धा आवाज बंद करून बघायचा, मला त्रास नको म्हणून. मी एकदा रडून सांगितलं त्याला, मला शिवी दे, थाळी फेक, पण असा बघू नकोस माझ्याकडे. तर माफी मागायला लागला." तिनं हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. "मी पोरगा मागितला होता अल्लाकडे. नोकर मिळाला."

बाहेर कुणीतरी आलं. पुरुषांचे आवाज झाले, शांत झाले.

"आणि बंद पडली ना ती," जैतुनबी म्हणाली, "तेव्हा पहिल्या दिवशी मशीनवरून घरी आला आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हणून माझ्यावर ओरडला. मी आत जाऊन रडले. आनंदानं रडले. कुणाला सांगू हे?"

मला उठायला हवं होतं. पण उठवेना.

"मग आज पुन्हा वेळ आली असती तर?" मी विचारलं. "दिली असतीत?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, मी असं विचारलंच कसं म्हणून.

"दुसरी होती की माझ्याकडे," ती म्हणाली. "मागितली मी शंभरदा. त्यानं घेतली नाही."

परत येताना मार्केटातून चालत आले. डोक्यावर ऊन होतं. बागवानांचा गाळा बंद होता, बाकीचे उघडे होते. त्या रस्त्यावर मी काय विचार केला ते मला सांगता येत नाही, कारण मी काही विचार केलाच नाही. जप करायचा प्रयत्न केला, तो ओठांवर येईना.

हॉलमध्ये शिरले तेव्हा सन्मती जागा होता. मशीनचा शेवटचा तास चालू होता. त्याचे ओठ कोरडे पडले होते. मी स्टुलावर बसले.

"भेटल्या?"

"भेटल्या. मला पाणी गाळून दिलं."

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग? हसायचा?"

"हो," मी म्हणाले. "फार हसायचा म्हणाल्या."

"भिंत हलेपर्यंत?"

"शेजारी तक्रार करायचे म्हणाल्या."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. लहानपणी ताप आला की बघायचा, तसा. मी डोळे हलवले नाहीत.

"आणि ते किडनी हसतेय म्हणायच्या, तेपण?"

"तेपण. सांगता सांगता त्यांनाच हसू आलं, अशा दिवशीसुद्धा."

सन्मतीनं मान वळवून शेजारच्या पलंगाकडे बघितलं. तिथला नवा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. नळ्यांतून त्याचं रक्त जात होतं, येत होतं.

"तरी सिनेमा बकवासच आहे," सन्मती म्हणाला. मग थोड्या वेळानं, "तो कागद काढ. पेन दे."

पडल्या पडल्या, मोकळ्या डाव्या हातानं त्यानं सही केली. वेडीवाकडी झाली. डॉक्टर म्हणाले, चालेल.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. दिवस मावळताना मी प्रतिक्रमणाला बसते. दिवसभरात आणि जन्मभरात आपल्या हातून जे झालं ते एकेक आठवायचं आणि त्याची क्षमा मागायची, अशी आमची रीत आहे. पायाखाली आलेली मुंगी आठवते. सुनेला लागेलसं बोललेला शब्द आठवतो. कधी आतल्या खोलीत तो जुना सिनेमा लावलेला असतो, आणि तोर्वाकचं हसू इथवर येतं. त्याच्या जोडीला आणखी कुणाचं येतं का, तिकडे मी कान देत नाही. मग मध्येच दार उघडतं आणि सन्मती विचारतो, "आई, काही हवंय?" मी मानेनंच नाही म्हणते. दार लागतं. त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोलले तेही रोज, नेमानं आठवतं. त्याच्यापाशी आले की मी क्षमा मागत नाही. माळेचा पुढचा मणी ओढते.